पहिला घोट देण्याआधी गिळणं तपासून घ्या

"अर्धांगवायूनंतर बोलणं आपोआप येतं, स्पीच थेरपिस्ट कशाला" असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. बोलणं थोडंफार आपोआप सुधारतं हे खरं. पण स्पीच थेरपिस्ट गिळणंही तपासतात, हे इथे कुणीच लिहिलेलं नाही, आणि आमच्या घरी नेमकं तेच कळायला उशीर झाला.

बाबांना झटका आल्यावर चौथ्या दिवशी मी चमच्याने पाणी पाजत होते. ठसका नाही, खोकला नाही, म्हणून निर्धास्त. फक्त प्यायल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा यायचा. दोन दिवसांत ताप, मग न्यूमोनिया. घशाची संवेदना गेली की पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी ठसका लागतोच असं नाही, हे थेरपिस्टताईंनी सांगितलं तेव्हा पोटात गोळा आला. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेले घोट देऊन एक्स-रेवर चित्रीकरण केलं, त्यात दिसलं की बाबांना पातळ पाणीच सर्वात अवघड जातंय. ते घसरून खाली जातं, श्वासनलिका मिटायला वेळच मिळत नाही. मग पावडर घालून दाट केलेलं पाणी, पाठ ताठ, हनुवटी छातीकडे, एका वेळी अर्धा चमचा. गिळून झालं की 'आ' म्हणायला लावायचं, आवाज स्वच्छ आला तरच पुढचा चमचा. (हनुवटीची युक्ती सगळ्यांना चालत नाही, आधी तपासणी हवीच.) तुमचं माणूस शुद्धीवर आलं की वॉर्डातल्या डॉक्टरांना "गिळणं तपासलं का?" एवढं नक्की विचारा. बाबांना नेहमीचा पातळ चहा मिळायला अडीच महिने लागले.