गरोदरपण आणि तीन प्रकारच्या रजा : तुमचे अनुभव लिहा

नोकरी करणाऱ्या गरोदर बाईला एक प्रश्न हमखास पडतो. उलट्या, चक्कर, तपासण्या यांसाठी घेतलेली रजा कशातून टाकायची? सिक लीव्हमधून, वार्षिक रजेतून की थेट प्रसूती रजेतून? ऑफिसात विचारलं तर पॉलिसीची पीडीएफ हातात येते. घरात विचारलं तर "आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत कामाला जात होतो" हे ऐकावं लागतं. म्हणून हा धागा काढते आहे. भारतात नोकरी करताना तुम्ही रजा कशा बसवल्या, कुठे अडलं, काय मिळालं, ते लिहा.

सुरुवातीला कायद्याचं थोडं. मातृत्व लाभ कायदा १९६१चा. २०१७च्या दुरुस्तीनंतर दोनपेक्षा कमी मुलं हयात असतील तर २६ आठवडे पगारी रजा मिळते, आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर १२ आठवडे. अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं हवं. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आहे, आणि हीच चौकट तिच्यातही आहे. पण मला कळकळीने सांगायचंय ते जुन्या, १९६१च्या कायद्यातल्या कलम १० बद्दल; तीच सोय आता संहितेत आहे. गरोदरपणामुळे, प्रसूतीमुळे, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणामुळे किंवा गर्भपातामुळे आजारपण आलं, तर दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे. ती २६ आठवड्यांच्या वरची. फार थोड्या जणींना ती ठाऊक असते आणि आपणहून कुणी ती देऊ करत नाही. मागावी लागते.

सॉफ्टवेअरमधली, पहिली खेप

मला हायपरएमेसिस झाला होता. म्हणजे नेहमीची मळमळ नव्हे. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं, सलाइन लावावं लागायचं. सिक लीव्ह दुसऱ्या महिन्यातच संपल्या. मॅनेजर म्हणाला, वार्षिक रजा टाक, त्या संपल्या की बिनपगारी. माणूस वाईट नव्हता, त्याला नियम माहीत नव्हता.

इथे दाखल्याचे शब्द कामी आले. डॉक्टरांनी आधी लिहिलं होतं, "अशक्तपणा, विश्रांतीची गरज." तो कागद मी परत नेला आणि "गरोदरपणामुळे उद्भवलेला आजार" असं लिहून घेतलं. खाली अपेक्षित प्रसूतीची तारीख आणि विश्रांतीच्या दोन्ही तारखा. मग एचआरला ईमेल केला (तेव्हा जुनाच कायदा लागू होता): "सोबतच्या दाखल्यानुसार मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १० खाली रजा मंजूर करावी. ही रजा प्रसूती रजेतून वजा होणार नाही, हे कृपया लेखी कळवावे." आठवडाभर उत्तर नव्हतं, मग मंजुरी आली. फोनवर बोलून हे झालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. सगळं लेखी ठेवा. ऑफिसात इतक्या लवकर बातमी सांगायची माझी तयारी नव्हती, पण सांगितल्याशिवाय ही रजा मागताच येत नाही.

केंद्र सरकारी नोकरी

आमच्याकडे कायदा वेगळा. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम १९७२, त्यातला नियम ४३. दोनपेक्षा कमी मुलं हयात असतील तर १८० दिवस प्रसूती रजा, आणि ती रजा खात्यातून वजा होत नाही. तिला जोडून अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, परिवर्तित रजा घेता येते. त्याशिवाय बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत ७३० दिवस, त्यातले पहिले ३६५ पूर्ण पगारावर, पुढचे ८० टक्के पगारावर. गरोदरपणात मला रक्तदाबाचा त्रास झाला तेव्हा मी वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा घेतली. तिला अर्धवेतनी रजेतले दुप्पट दिवस जातात, पण पगार पूर्ण मिळतो. अर्जित रजेला हात लावला नाही. पुढे मूल आजारी पडलं की तीच उपयोगी पडते.

विमा कंपनीत, आता मुलगी शाळेत जाते

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) खाली आहे असं निघालं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा ती पुढे आपोआप वर सरकते, पण लक्ष ठेवू. माझी सरकली नाही. सातव्या महिन्यात रक्तस्राव झाला आणि थेट घरी बसायला सांगितलं.

सगळ्यांचा सल्ला एकच, प्रसूती रजा आत्ताच सुरू कर. मी नवऱ्याबरोबर कॅलेंडर घेऊन बसले. प्रसूतीआधी जेवढे आठवडे घालवेन, तेवढे बाळ हातात आल्यावर कमी होणार, आणि मला तर बाळ लवकर येईल याचीच भीती होती. म्हणून क्रम असा लावला: आधी उरलेल्या सिक लीव्ह, मग आजारपणाची जादा रजा, मग थोडी पीएल (वार्षिक रजा), आणि प्रसूती रजा शेवटी. मुलगी अपुऱ्या दिवसांची झाली. काचेच्या पेटीत होती, मी काचेच्या गोल झडपेतून हात घालून तिचा तळवा धरायचे, दुसरं काही करू देत नव्हते. त्या दिवसापर्यंत प्रसूती रजेतला एकही दिवस गेला नव्हता. पूर्ण २६ आठवडे तिच्या जन्मापासून मिळाले. ती घरी आल्यावर मी किती काळ तिच्याजवळ राहू शकले, ते या क्रमामुळे. ज्यांना जोखमीचं गरोदरपण सांगितलंय त्यांनी अर्ज देण्याआधी हा हिशोब जरूर करावा.

नाव लिहीत नाही

माझं गरोदरपण टिकलं नाही. ऑफिसमधून सुचवलं गेलं की दोनतीन सिक लीव्ह घे आणि ये. मला तेव्हा कुणाशी भांडायची ताकद नव्हती. बहिणीने कायदा वाचला. गर्भपातानंतरच्या दिवसापासून सहा आठवडे पगारी रजा असते, वैद्यकीय गर्भपात केला तरी. तिनेच अर्ज लिहिला, मी सही केली. मिळाली रजा. ज्या कुणी यातून जात असाल, तुमची सिक लीव्ह यात घालवू नका. आणि घरातल्या माणसांनो, अर्ज लिहिण्याचं काम तुम्ही घ्या. त्या बाईला त्या आठवड्यात कलमं शोधायला लावू नका.

कारखान्यात, ईएसआय लागू

आमच्यासारख्यांना पैसे कंपनीकडून मिळत नाहीत, ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा योजनेकडून) येतात. आधीच्या दोन वर्गणी कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के मिळतात, प्रसूतीत पूर्ण. दोन्ही लाभ एकाच दिवसासाठी मिळत नाहीत, त्यामुळे तारखा एकमेकींवर चढवू नका. माझा दावा त्यामुळेच अडकला होता, खिडकीवर दोनदा कागद बदलून द्यावे लागले. गरोदरपणातल्या आजारपणाचा जादा महिना ईएसआयमध्येही आहे.

एचआरमध्ये काम करते

आमच्या बाजूने लिहिते. अर्जात तिन्ही रजा एका वाक्यात कोंबलेल्या असल्या की सॉफ्टवेअर भरणारा माणूस सगळं एकाच खात्यात टाकतो. प्रत्येक रजेसाठी वेगळी ओळ लिहा: प्रकार, पासून, पर्यंत, कारण. वार्षिक रजा डिसेंबर किंवा मार्चअखेर बुडणार असेल तर प्रसूती रजेवर जाण्याआधीच ती पुढे न्यायची परवानगी लेखी घ्या. परत आल्यावर ते फार अवघड जातं. आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस, आणि लाभही सातही दिवसांचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलंय. कुणी रविवारचे पैसे कापले तर विचारा. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ द्यायची असते, उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत. आणि या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. हे मी माझ्या वरिष्ठांनाही सांगितलेलं आहे.

धागाकर्ती

कंत्राटी असल्यामुळे आपल्याला काहीच नाही, असं समजून गप्प बसलेल्या दोघींनी निरोप पाठवलाय, त्यांच्यासाठी. २०००च्या दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही प्रसूती लाभ लागू होतो असं म्हटलं आहे. हजेरीच्या नोंदी आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा, ८० दिवस त्यावरूनच सिद्ध होतील.

शाळेत शिकवते

माझी तारीख मेच्या सुट्टीत होती. "सुट्टीत उरकतंय, छान झालं," असं सगळे म्हणायचे. मला ते लागायचं. मी सुट्टी लागायच्या आधीच लेखी विचारलं की सुट्टीचे दिवस प्रसूती रजेत धरणार का. दर शाळेचं उत्तर वेगळं असू शकतं, म्हणून आधीच विचारा.

नुकतीच रुजू झाले

मी थोडी वार्षिक रजा मुद्दाम शिल्लक ठेवली होती आणि ती पहिल्याच महिन्यात लागली. पाळणाघरात घातलं की बाळाला सर्दीताप येतोच. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ मिळायला हवा, तोही मागितला. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी. आमच्या ऑफिसात ती नाही. अर्ज दिलाय, उत्तराची वाट बघतेय. आणखी कुणी असा अर्ज दिला असेल तर मजकूर कसा होता, ते इथे लिहा.