जुन्या गेमचे ग्राफिक्स आज चालतात का? ‘टॉम्ब रेडर’वरून बोलू

जुनाट_जॉयस्टिक

‘ग्राफिक्स बघवत नाहीत म्हणून जुने गेम खेळवत नाहीत’ हे सारखं ऐकू येतं. मला ते पटत नाही, आणि तपासायची सोय आता झाली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘टॉम्ब रेडर १-३ रीमास्टर्ड’ आला, म्हणजे लारा क्रॉफ्ट या नायिकेचे पहिले तीन साहसी गेम नव्या चित्रासह. पीसीवर एफ१ दाबलं की उभ्या जागी १९९६ चं चित्र येतं, पुन्हा दाबलं की नवं. लेव्हल तीच, लांडगे तेच, उड्याही त्याच.

आता उड्यांचं गणित बघा. अख्खा गेम चौकटींच्या जाळीवर बांधलेला आहे. उभ्या जागेवरून मारलेली उडी एका चौकटीची फट ओलांडते, पळत मारलेली दोन चौकटींची, आणि पळत उडी मारून हवेत अ‍ॅक्शन धरून ठेवलं तर तीन चौकटींपलीकडची कडा हाताला लागते. पद्धत ठरलेली: वॉकचं बटण धरून कडेपर्यंत जायचं (चालताना लारा कडेवरून पडत नाही), एकदा मागे उसळी घ्यायची, मग पुढे आणि लगेच उडी धरून ठेवायची. ती बरोबर कडेवरूनच झेपावते.

जुन्या चित्रात बहुतेक ठिकाणी टेक्स्चरचा (भिंती-फरशीवर चिकटवलेल्या चित्राचा) एक तुकडा म्हणजे एक चौकट. फट किती मोठी ते नुसतं बघून मोजता येतं. नव्या चित्रात त्याच जागी शेवाळ, वेली, फुटके दगड. दिसायला देखणं, पण मोजायला गेलं की अंदाज चुकतो. म्हणजे खेळाच्या कामाला जुनं चित्रच जास्त येतं.

पिक्सेलफोड्या

उदाहरण तुमच्या सोयीचं निवडलंत. त्याच गेममधली ‘सेंट फ्रान्सिस फॉली’ घ्या. खोल विहिरीसारखी उभी लेव्हल. जुन्या चित्रात थोड्या अंतरापुढे सगळं काळ्यात बुडतं, खालचा कठडा दिसतच नाही. कुलपाची खाच आणि भिंतीवरची नक्षी यांतला फरक कळायला भिंतीला नाक लावावं लागतं. हा ग्राफिक्सचाच दोष ना? शिवाय मूळ चित्र सेकंदाला ३० फ्रेम्सवर अडकलेलं, नवं ६० वर. एफ१ दाबल्यावर फक्त टेक्स्चर बदलतं असं नाही, हाताला जाणवणारा वेगही बदलतो.

माझं म्हणणं सरसकट नाही. द्विमितीय गेम टिकतात: १९९९ चा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ आजही स्वच्छ दिसतो, कारण भालाईत आणि घोडेस्वार आकारावरूनच वेगळे ओळखू येतात. टिकत नाहीत ते १९९५ ते २००० मधले त्रिमितीय गेम. तेव्हाच्या मशीनची ताकद आणि गेमची हाव यांचा मेळच बसत नव्हता.

सावळी_स्प्राइट

दोघांनीही कंट्रोल्स बाजूला ठेवलेत. नवखा माणूस टॉम्ब रेडर सोडतो तो ग्राफिक्समुळे नाही. तो रीमास्टरमध्ये ‘मॉडर्न कंट्रोल्स’ निवडतो आणि तिथेच फसतो. स्टिक ढकलाल त्या दिशेला लारा वळते, हे मोकळ्या मैदानात छान. पण लेव्हल जाळीच्या आहेत. मागची उसळी नेमकी सरळ रेषेत बसत नाही, लारा किंचित तिरकी उभी राहते आणि तीन चौकटींची उडी तिरकी मारल्यावर ती खड्ड्यात जाणारच.

नव्या माणसाला मी हे सांगेन: टँक कंट्रोल्स निवडा (डावी-उजवीने लारा जागीच वळते, पुढे दाबलं की तोंड असेल तिकडे जाते), स्टिक सोडून डी-पॅड (चार दिशांची बटणं) वापरा, आणि पहिल्या लेव्हलआधी लाराच्या घरातली सरावाची लेव्हल पूर्ण करा. मागची उसळी आणि पळती उडी तिथे हातात बसेपर्यंत पुढे जाऊ नका. एवढं केलं की चित्र कुठलंही ठेवा.

अंधारातल्या औषधाच्या पेट्यांसाठी मात्र जुनाट_जॉयस्टिक यांच्या बाजूने. मूळ गेममध्ये उचलायच्या वस्तू म्हणजे सपाट चित्रं, नेहमी आपल्याकडे तोंड करून असलेली, म्हणून चटकन दिसतात. नव्या चित्रात त्या खरोखरच्या वस्तूंसारख्या सावलीत पडून असतात. खोलीत शिरल्यावर एकदा एफ१, चहूकडे नजर, परत एफ१.

पिक्सेलफोड्या

म्हणजे गेम खेळायला ग्राफिक्सचं बटण सतत बदलायचं, डी-पॅड शोधायचा, सराव करायचा. इतकं पथ्य पाळावं लागत असेल तर गेम म्हातारा झालाय हे सरळ मान्य करा की राव.

कोपऱ्यातला_सीआरटी

आज जे ‘जुने ग्राफिक्स’ म्हणून दिसतात ते तेव्हा तसे दिसतच नव्हते. आठ बिटच्या कन्सोलचं चित्र २४० ओळींचं. १०८० ओळींच्या टीव्हीवर ते साडेचार पटींनी ताणलं जातं, म्हणून काही पिक्सेल जाड, काही बारीक, आणि मारिओ पळताना कडा लुकलुकतात. रेट्रोआर्क या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘इंटिजर स्केल’ (पूर्ण पटींतच ताणणं) चालू करा. चार पट केलं की ९६० ओळी होतात, वर-खाली ६०-६० ओळींची काळी पट्टी उरते. पाच पट केलं तर मूळ चित्राच्या वर-खाली १२-१२ ओळी कापल्या जातात. जुने डब्बा टीव्ही साधारण तेवढ्या कडा झाकायचेच, त्यामुळे बहुतेक गेममध्ये काही बिघडत नाही. मग वरून एखादा सीआरटी शेडर (डब्बा टीव्हीसारखं चित्र दाखवणारा फिल्टर) चढवा.

प्लेस्टेशन १ चे थरथरणारे कोन हा वेगळा आजार. त्या मशीनमध्ये कुठली वस्तू पुढे, कुठली मागे याचा हिशेब ठेवणारा झेड-बफर नव्हता, बिंदूंच्या जागा पूर्णांकात मोजल्या जायच्या आणि टेक्स्चर परस्पेक्टिव्ह (लांबचं लहान दिसणं) न बघता चिकटवलं जायचं. म्हणून फरशीच्या रेघा वाकतात. डकस्टेशन या एम्युलेटरमध्ये (पीसीवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा प्रोग्राम) ‘पीजीएक्सपी’ची भूमिती-दुरुस्ती आणि परस्पेक्टिव्ह-दुरुस्ती चालू केली की दोन्ही थांबतं. त्यातला सीपीयू मोड उगाच चालू करू नका, वेग पडतो आणि काही गेम बिघडतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेटिंगने सुटत नाही: ‘डक हंट’ या बदकं टिपायच्या गेमची मूळ बंदूक. घोडा दाबला की गेम एका फ्रेमपुरता पडदा काळा करतो, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड शोधतो. एलसीडीवर चौकोन उशिरा येतो, शिवाय सेन्सरचं सर्किट सीआरटीच्या ओळींच्या गतीला जुळवलेलं. नेम कितीही बरोबर धरा, बदक मरणार नाही.

तात्या_६०एफपीएस

आपल्याकडच्या सायबर कॅफेत घासूनपुसून खेळलेला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ कसा विसरलात? डिसेंबर २००० चा गेम. लांबवरचे डोंगर, तळावरचे टॉवर आजही भारी वाटतात. तरी आज खेळायला बसवत नाही, कारण १४ मिशन आणि मिशनच्या मधे सेव्ह एकदाही नाही. शेवटच्या गेटपाशी गोळी लागली की पुन्हा कुंपणापासून. त्यात अलार्म वाजला की बराकीतून शिपाई निघतच राहतात. म्हणून आधी कॅमेरे चुकवत सुरक्षा-खोलीतला कॉम्प्युटर गाठायचा, कॅमेरे बंद करायचे, मग पुढे. सेव्ह नाही हा ग्राफिक्सचा दोष आहे का?

विंडोज १० किंवा ११ वर चित्र तुटत असेल तर ‘डीजीवूडू २’ (जुन्या गेमचं चित्र नव्या विंडोजवर चालवणारा प्रोग्राम) घ्या. त्यातल्या एमएस फोल्डरमधल्या एक्स८६ च्या (३२ बिट) डीड्रॉ आणि डी३डीआयएमएम या दोन डीएलएल फायली गेमच्या ईएक्सईशेजारी ठेवा. एक्स६४ च्या (६४ बिट) ठेवल्यात तर ३२ बिटचा गेम त्या उचलू शकत नाही. मग डीजीवूडूच्या कंट्रोल पॅनेलमधून रिझोल्यूशन वाढवा आणि डायरेक्टएक्सच्या टॅबमधला वॉटरमार्क काढा.

पिक्सेलफोड्या

सेव्हचा मुद्दा मान्य, ग्राफिक्सचा नाही. नवं चित्र नीट केलं तर गेम सुधारतो, हे तुम्ही सगळे टाळताय.

जुनाट_जॉयस्टिक

‘नीट केलं तर’ हेच तर अवघड आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जीटीएचे (ग्रँड थेफ्ट ऑटो) तीन जुने गेम नव्या ग्राफिक्सने आले. ‘सॅन अँड्रियास’मधलं धुकं काढून टाकलं, कारण नव्या मशीनला दूरचं सगळं दाखवणं जड नव्हतं. डोंगरावर उभं राहिलं की एका नजरेत त्या गेममधली तिन्ही शहरं. अख्खा नकाशा एखाद्या गृहनिर्माण प्रकल्पाच्या मॉडेलएवढा वाटायला लागला. धुकं मशीनची कमजोरी झाकायला होतं, हे खरं. पण अंतराचा आभास तेच तयार करत होतं, आणि गेमचे रस्ते त्या आभासाच्या भरवशावर आखलेले होते. पुढे नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्या प्रकाशयोजनेचा पर्याय द्यावा लागला.

पिक्सेलफोड्या

तो वाईट कामाचा पुरावा झाला, जुन्या चित्राच्या चांगुलपणाचा नाही. आता कधीच टॉम्ब रेडर न खेळलेल्या माणसाला ‘सेंट फ्रान्सिस फॉली’ जुन्या चित्रात द्या, टँक कंट्रोल्स आणि डी-पॅडसकट. तळापर्यंत जाताना तो किती वेळा एफ१ दाबतो ते मोजा.

सावळी_स्प्राइट

मोजा, पण उडीआधी किती आणि अंधारात किती असे वेगवेगळे. अंधारात नव्या चित्राकडे आणि उडीआधी जुन्याकडे जात असेल, तर तुम्ही दोघंही अर्धेच बरोबर.