विमान दुरुस्तीचं इंग्रजी: शब्द आधी की वाक्य आधी?

धागाकर्ती:
मराठी माध्यमातून बारावी करून एएमईला (विमान देखभाल-दुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला) आलेल्या मुलांना मी तांत्रिक इंग्रजी शिकवते. बऱ्याच ठिकाणी पहिल्याच आठवड्यात शब्दांची यादी देऊन पाठ करून घेतात. हे बंद व्हावं असं माझं ठाम मत आहे. डेंट आणि गाउज यातला फरक वहीत लिहून कळत नाही. मुलांना पत्र्यावरून बोट फिरवू द्या. डेंटमध्ये पत्रा दबलेला असतो, धातू जागेवरच असतो. गाउजमध्ये धातू खरवडून निघालेला असतो. रिपेअर मॅन्युअलमध्ये दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या. लॉगबुकात चुकीचा शब्द पडला की पुढच्या शिफ्टचा माणूस भलतंच पान उघडतो. शब्द इंग्रजीच ठेवा, पण फरक आधी मराठीत समजावा.

नाइटशिफ्ट:
पत्र्याचं पटलं, मराठीचं नाही. पार्टची नावं दिवसभर कानावर पडतात, पोरं ती आपोआप उचलतात. अडतात ती वाक्यात. ‘सेफ्टी पिन लावल्याशिवाय गिअर डोअरपाशी (चाकांच्या कप्प्याच्या दारापाशी) जाऊ नका’ हेच इंग्रजीत ‘डू नॉट… अनलेस…’ असं येतं. घाईत ‘अनलेस’ नजरेतून सुटलं तर जिवावर बेतेल. मॅन्युअल ज्या सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिशमध्ये, म्हणजे ठरवून सोप्या केलेल्या इंग्रजीत लिहितात, तिथे सर्वसाधारण शब्द आधीच मोजके असतात. ‘फॉलो’ म्हणजे फक्त ‘नंतर येणे’. ‘पालन करणे’ या अर्थाने तो चालत नाही. मग वेळ वाक्यांना द्या. शिवाय रात्री दोन वाजता मॅन्युअल वाचताना मराठीत सांगणारं शेजारी कुणी नसतं.

टॉवर:
शब्दांना इतकं हलक्यात घेऊ नका. २५ जानेवारी १९९०, आविआंका कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कजवळ कोसळलं. कॅप्टनने ‘इमर्जन्सी’ सांगायला सांगितलं, को-पायलटने रेडिओवर ‘इंधन संपत आलंय’ एवढंच कळवलं. नियंत्रकाच्या कानाला ती इमर्जन्सी वाटलीच नाही. ७३ जण गेले. ठरलेला शब्द पाठच हवा, घोकून घोकून. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) निकषांवर पायलट-नियंत्रकांची जी इंग्रजीची परीक्षा होते, तिच्यात शब्दसंग्रह हा सहापैकी एक निकष आहे आणि सहांतली सर्वांत कमी पातळी हीच अंतिम धरतात.

धागाकर्ती:
@टॉवर, तो शब्द त्या कॉकपिटमध्ये उच्चारला गेला होता. यादीत होता म्हणून भागलं नाही, ऐन वेळी तोंडातून निघाला नाही. म्हणून तर प्रसंग उभा करून बोलून घ्यायला हवं. @नाइटशिफ्ट, ‘अनलेस’चं एकदम मान्य, पण तेही मराठीतच नीट पोचतं. ‘-ल्याशिवाय’ म्हटलं की मुलांना लगेच कळतं.

नाइटशिफ्ट:
कळतं, पण लिहिता येत नाही. लायसन्ससाठीच्या मॉड्युलच्या (विषयवार) परीक्षेत बहुतेक प्रश्न पर्यायी, खूण केली की झालं. लायसन्स हातात येतं आणि डिफेक्टची दोन ओळींची नोंद करताना पेन थांबतं. तुमच्या वर्गात रोज एक नोंद इंग्रजीत लिहून घेता का? घेत असाल तर मराठीबद्दल माझी तक्रार नाही.

धागाकर्ती:
रोज नाही, आठवड्यातून एकदा. वेळापत्रकात भाषेला तेवढाच तास आहे. वर्कशॉपच्या सरांनी जॉब कार्डवर मुलांकडूनच लिहून घेतलं तर रोज होईल. उद्याच त्यांच्याशी बोलते.