पालेर्मोत एक दिवस: आईचे गुडघे, बाबांचा शाकाहार आणि दोन पोरं

गोदाकाठ

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही क्रूझवर आहोत. जहाज एक दिवस सिसिलीत पालेर्मोला थांबतं. सकाळी 8 ला लागतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सगळ्यांनी परत चढायचं. आम्ही सहाजण: मी, नवरा, आई-बाबा, तेरा वर्षांचा मुलगा (बुद्धिबळ सोडून कशातही रस नाही) आणि सात वर्षांची मुलगी (आइस्क्रीम सोडून कशातही रस नाही). आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ आणि जिने शक्यतो नकोत. बाबा पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही.

जहाजवाल्यांची टूर महाग आहे, आणि कुणाच्या तरी झेंड्यामागे पळायची हौस नाही. नेटवर शोधलं तर यादी एवढी मोठी की काय बघावं यापेक्षा काय गाळावं हाच प्रश्न पडलाय. कुणी सहकुटुंब गेलं असेल तर सांगा. खाण्याचं विशेष सांगा, बाबा चिप्सवर दिवस काढतील अशी भीती आहे.

सह्यभटक्या

मोन्रेआले चुकवू नका! शहरापासून सातआठ किलोमीटरवर डोंगरउतारावर आहे. राजा दुसरा विल्यम याने 1174 च्या सुमारास बांधायला घेतलेलं कॅथेड्रल, आत सहा हजार चौरस मीटरहून जास्त सोनेरी मोझेक (भिंतीवर बारीक तुकडे जडवून केलेली चित्रं). पियात्सा इंदिपेन्देन्त्साहून 389 नंबरची बस जाते. आम्ही दोघं मित्र सकाळी मोन्रेआले, दुपारी कापुचिन मठातल्या ममीज आणि संध्याकाळी मोंदेल्लोचा समुद्रकिनारा असं सगळं एका दिवसात उरकलं होतं. जमतं आरामात.

रंकाळा_ते_मिलान

भाऊ, दोन मित्रांना जमतं. सोबत आई-बाबा आणि पोरं घेऊन हे करायला गेलात तर संध्याकाळी जहाजावर कुणी कुणाशी बोलणार नाही. आणि सात वर्षांच्या मुलीला ममी दाखवून रात्री तिला झोपवायला तुम्ही येणार का?

गोदाकाठताई, मोन्रेआले सुंदरच आहे, पण ते गाळा. तसलंच सोन्याचं काम शहरात आहे, तेही चालत फिरता येईल अशा टापूत. आम्ही मिलानला राहतो आणि सासू-सासरे कोल्हापूरहून आले की सिसिली ठरलेली, म्हणून जरा अधिकाराने सांगते.

मुख्य गोष्ट म्हणजे हे शहर वरून खाली बघायचं. कास्सारो नावाचा जुना रस्ता (नकाशात विया व्हित्तोरियो इमान्युएले) राजवाड्यापासून समुद्राकडे उतरत जातो. बंदरावर उतरल्याउतरल्या टॅक्सी करा, थेट वर राजवाड्याशी, पालात्सो देई नोर्मान्नीला जा. तिथून पुढचं सगळं उताराने. आईंच्या गुडघ्यांना तोंडी लावायला एवढा एकच जिना येईल, राजवाड्यातला, कारण ते सोन्याचं काम असलेलं चॅपल, कापेल्ला पालातीना, पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्टचं तिकीटखिडकीवरच विचारा. तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. राजवाड्यात सिसिलीची विधानसभा भरते, त्यामुळे कामकाज असलं की दालनं बंद असतात. दालनांचं दुःख करू नका, चॅपल बघायला मिळालं की झालं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पोरांचेसुद्धा.

आता चॅपलचं. पालेर्मो 831 साली अरबांनी घेतलं आणि 1072 मध्ये उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी. पण नव्या राजांनी जुन्या कारागिरांना हाकललं नाही, कामाला लावलं. नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरच्या या चॅपलमध्ये भिंतींवर ग्रीक पद्धतीचे मोझेक, आणि वर लाकडाचं छत मात्र अस्सल अरबी घडणीचं, मधाच्या पोळ्यासारखं खणाखणाचं. त्या खणांमध्ये बारीक चित्रं आहेत: वाद्यं वाजवणारे, पेले हातात घेऊन बसलेले, नाचणाऱ्या बायका. देवळाच्या छतावर! आणि त्यातच, तुमच्या चिरंजीवांसाठी, पटावर समोरासमोर बसलेले दोन बुद्धिबळपटू आहेत. बाराव्या शतकाच्या मध्यातलं चित्र, बुद्धिबळाच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक. छत उंच आहे, साध्या डोळ्याला काही कळत नाही. झूमचा कॅमेरा नाहीतर छोटी दुर्बीण पोराच्या हातात द्या आणि शोध म्हणावं. आमच्या पुतण्याने मान मोडेपर्यंत शोधलं. तेवढा वेळ मोठ्यांना निवांत मोझेक बघायला मिळाले.

तिथून बाहेर पडून कॅथेड्रल बाहेरूनच बघा, मग बाल्लारो बाजारात घुसा. इथे घाई करू नका. विक्रेते सुरात ओरडत असतात, त्या ओरडण्यालाही तिथे खास नाव आहे, अब्बान्याता. उन्हाळ्यात हातभर लांब, फिकट हिरवे दुधी दिसतील, आणि शेजारी दुधीच्या वेलीच्या कोवळ्या शेंड्यांच्या जुड्या. त्याला तेनेरूमी म्हणतात, त्याचं पास्ता घालून सूप करतात. सासूबाई त्या गाड्यासमोरून हलेनात.

बाबांची काळजी सोडा. पानेल्ले मागा. बेसन, पाणी, मीठ, थोडी पार्सली. शिजवून घोटायचं, पातळ थापायचं, गार झालं की कापून तळायचं. म्हणजे तळलेली पाटवडीच, तिळाच्या पावात घालून वर लिंबू पिळून. सोबत काझ्झिल्ली, बटाट्याचे छोटे लांबट रोल. बाजारातच अख्खे भाजलेले कांदे आणि उकडलेले बटाटे मिळतात. जेवायला बसलातच तर कापोनाता, वांग्याची आंबटगोड भाजी. तुमचे अहो मांसाहारी असतील तर त्यांना पानी का मेउसा खाऊ द्या, तिल्ली आणि फुप्फुस चरबीत परतून पावात. आमच्या ह्यांनी, रक्ती-मुंडी खाणाऱ्या माणसाने, पहिल्याच घासाला मान डोलावली. मी लांबूनच बघितलं.

तूप_साखर

वरच्या ताईंनी छान लिहिलंय, फक्त पक्क्या शाकाहारींसाठी थोडी भर. स्फिंचोने हा जाड पिझ्झा बघायला निव्वळ टोमॅटो-कांद्याचा वाटतो, पण त्यात अँचोव्ही मासा असतो. 'अल बुर्रो' आरान्चीना म्हणजे लोण्याचा भाताचा गोळा असं समजून घेऊ नका, आत हॅम असतं. पालकाची मिळते, ती विचारून घ्या. कॅनोली म्हणजे गोड चीज भरलेली कुरकुरीत नळी; तिचं कवच परंपरेने डुकराच्या चरबीत केलेलं असतं, काही ठिकाणी आता तेलात तळतात. आणि पानेल्ले तळतात त्याच कढईत मासेही तळलेत का, हे ज्याला चालत नाही त्याने आधी विचारावं. ग्रनिता मात्र बिनधास्त: बर्फ, साखर आणि लिंबू किंवा तुती. सोबतच्या ब्रियोश पावात अंडं असतं, तो बाबांना नको.

गोदाकाठ

बापरे, किती उपयोगी! मोन्रेआले गाळलं (सह्यभटक्या, सॉरी). मुलाला बुद्धिबळाचं सांगितलं तर त्याने स्वतःहून चॅपलचे फोटो शोधले, हा चमत्कारच. दोन शंका: बाजारानंतर आई थकली तर? आणि बाथरूमचं काय?

रंकाळा_ते_मिलान

तूप_साखर, चरबीची बरी आठवण केलीत.

आई थकल्या तर आपे रिक्षा करा. तीच पियाज्जोची तीनचाकी, आपल्याकडे बारामतीला बनते ती. पालेर्मोत सजवून पर्यटकांना फिरवतात. बाबा खूश होतील. भाडं आणि कुठे सोडणार हे बसायच्या आधी ठरवा, बोटांवर दाखवून घ्या. त्यांना क्वात्रो कान्तीच्या चौकात सोडायला सांगा. तिथून पियात्सा बेल्लीनी दोन पावलांवर. तीन लाल घुमटांचं सान काताल्दो चर्च आणि शेजारचं मार्तोराना चर्च तिथेच आहे. दुपारी बरीच चर्चेस बंद होतात, तेव्हा समोरच्या सांता कातेरीना मठाच्या अंगणात बसा. आत गोडाचं दुकान आहे, मठांतल्या जुन्या पद्धतींनी केलेली मिठाई मिळते. मुलीला बदामाच्या पेस्टची रंगीत फळं दाखवा, आइस्क्रीम विसरेल. (तासभर तरी.)

बाथरूमसाठी सरळ कुठल्याही बारमध्ये (इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) शिरायचं, उभ्याने एक एस्प्रेसो प्यायची आणि विचारायचं. टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग पडते.

चारला तेआत्रो मास्सिमो या ऑपेरागृहाच्या पायऱ्यांशी असा, तिथून बंदर जवळ आहे. कॅनोली डोळ्यांसमोर भरून देणाऱ्याकडेच घ्या, आणि जहाजावर न्यायला बांधून घेऊ नका, कवच मऊ पडतं.