हेडसेटवरचा आवाज

"दिग्दर्शक हेडसेटवर ओरडतो, म्हणून इथल्या कम्युनिटी टीव्हीवर (सामान्य नागरिकांच्या स्थानिक वाहिनीवर) कामाला जाणं सोडावंसं वाटतं," असं तुम्ही लिहिलंय. कृपया सोडू नका. थेट प्रक्षेपणात 'रेडी टू, टेक टू' (म्हणजे 'कॅमेरा दोन तयार, आता त्याचं दृश्य घ्या') एवढंच बोलायला वेळ असतो. तो तुटकपणा बहुतेकदा रागाचा नसतो. मात्र शूटिंग संपल्यावरही कुणी अपमान करत असेल, तर स्टेशनच्या समन्वयकांना जरूर सांगा. अमेरिकेत १९८४ च्या केबल कायद्याच्या आधाराने चालणाऱ्या या वाहिन्या सामान्य नागरिकांसाठीच आहेत, म्हणजे तुमच्याही!

आणि तुम्ही उल्लेख केलेले, ऑडिओ सांभाळणारे ते अबोल आजोबा? त्यांच्याशेजारी बसून आवाजाच्या मिक्सरबद्दल (वेगवेगळ्या माइकचे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणाऱ्या यंत्राबद्दल) विचारा. अशी माणसं आपणहून बोलत नाहीत, विचारलं की भरभरून शिकवतात. पुढे फ्लोअर मॅनेजरचं, म्हणजे दिग्दर्शकाच्या सूचना स्टुडिओतल्या लोकांपर्यंत पोहोचवण्याचं, काम मागून घ्या. बावरलेले पाहुणे आणि कंट्रोल रूमची घाई, दोन्ही तिथून कळतं.