अनुभव धागा : आकड्यांचा ताळा आणि क्रमांकातील शेवटचा अंक

आधार, बँक खाते, पुस्तक, पिनकोड अशा क्रमांकांत एखादा अंक चुकला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तर ती चूक कशी सापडते, याविषयी गोव्यातील वाचकांनी स्वानुभव लिहावेत, असे आवाहन केले होते. आलेले काही अनुभव पुढे देत आहोत.

म्हापसा, निवृत्त बँक कर्मचारी
संगणक येण्यापूर्वी आमच्या शाखेत खतावणीच्या बेरजा जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. फरक निघाला की आमचे हेडक्लार्क त्याला आधी नऊने भागून पाहत. एकदा ६३० रुपयांचा फरक आला. नऊने भाग पूर्ण जाऊन भागाकार ७० आला, तेव्हा ते म्हणाले, "दशक आणि शतक स्थानांवर ज्यांच्यात सातचा फरक आहे, असे दोन अंक शोधा." ६,९२० ची रक्कम ६,२९० अशी उतरली होती. शेजारचे अंक उलटले, की पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीतच असतो; त्यामुळे व्हाउचरांचा सारा गठ्ठा नव्याने तपासावा लागत नसे. मात्र नऊने भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली, असे नाही. ती केवळ पहिली शक्यता, हेही ते बजावत.

फोंडा, गणिताच्या शिक्षिका
पोर्तुगीज शाळेत शिकलेले माझे आजोबा प्रत्येक गुणाकारानंतर 'प्रोवा दुश नोव्ह', म्हणजे नवाचा ताळा, करून पाहत. ३४७ × २६ = ९०२२ हा गुणाकार घ्या. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, म्हणजे ५; २६ ची ८; ५ × ८ = ४०, म्हणजे ४; आणि ९०२२ ची बेरीज १३, म्हणजे पुन्हा ४. मी हा ताळा वर्गात आजही शिकवते. पण उत्तर चुकून ९२०२ लिहिले, तरी तो जुळतोच, हेही मुलांना फळ्यावर करून दाखवते. बेरजेला अंकांची जागा कळत नाही, ही उणीव समजली की क्रमांकांत स्थानानुसार वेगळे वजन, म्हणजे गुणक, का देतात, हे मुलांना आपोआप उमगते.

पणजी, ग्रंथालय कर्मचारी
वरच्या मुद्द्याला जोडून लिहितो. २००७ पासून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तेरा अंकी झाला. त्यातील अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून केलेल्या बेरजेला दहाने भाग जावा, अशा रीतीने शेवटचा अंक ठरवलेला असतो. एक अंक चुकला तर ही पद्धत हमखास पकडते. मात्र १ आणि ६ किंवा २ आणि ७ असे पाचच्या फरकाचे शेजारी अंक उलटले, तर बेरीज दहानेच बदलते आणि चूक निसटते. जुन्या दहा अंकी क्रमांकात भाग अकराने द्यायचा असल्यामुळे ही पळवाट नव्हती. त्यासाठी कधी शेवटी 'एक्स' हे अक्षर दहाच्या अर्थाने छापावे लागे. नोंदणी करताना मला ती जुनी पद्धतच अधिक भरवशाची वाटते.

डिचोली, नागरी सेवा केंद्राची चालक
आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या पद्धतीने काढला जातो. एका अंकाची चूक असो वा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल, ती या पद्धतीतून सुटत नाही. आमच्याकडे अदलाबदल अधिक होते, कारण आपण 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी उच्चारतो आणि ऐकणारा ७४ लिहून मोकळा होतो. म्हणून मी प्रत्येक अंक सुटा सांगायला लावते. क्रमांक ताळ्यात बसला म्हणून तो समोरच्याच व्यक्तीचा ठरत नाही, हे मात्र ज्येष्ठांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

मडगाव, माजी टपाल कर्मचारी
१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडमध्ये ताळ्याचा अंकच नाही. पणजीचा ४०३००१ आणि फोंड्याचा ४०३४०१ यांत केवळ चौथ्या अंकाचा फरक आहे आणि दोन्ही क्रमांक खरे आहेत. म्हणून पत्त्यावर गावाचे नाव स्पष्ट लिहावे; चुकलेला पिन आम्ही त्यावरूनच ओळखत असू.