मदत हवी आहे: एमजीबीचा पुढचा भाग बदलला, आता वळणानंतर ब्रेकचं पेडल खाली जातं

नमस्कार मंडळी,

गाडी एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १९७२ ची, क्रोम बंपरवाली, तारांची चाकं. मी मूळचा नाशिकचा, सध्या लीड्सला असतो. पोट संगणकापुढे बसून भरतो, पण गाडीचं काम शक्यतो घरीच करतो. तेव्हा प्रश्नात अडाणीपणा दिसला तर सांभाळून घ्या.

या हिवाळ्यात पुढचं सगळं उघडलं. किंग पिन (ज्यांच्यावर पुढची चाकं डावी-उजवी वळतात) पार झिजले होते. नवे बुश रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारून बसवावे लागतात आणि रीमर माझ्याकडे नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड कणा) रीकंडिशन केलेले आणले. तारांच्या चाकांचे हबही (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आतून झिजलेले, ते एका जुने पार्ट विकणाऱ्याकडून वापरलेले घेतले. बेअरिंग, डिस्क, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), पॅड सगळं नवं. होज स्टीलच्या जाळीचे. खालच्या आर्मना मूळ रबरी बुशऐवजी व्ही-८ मॉडेलचे बुश. स्प्रिंग उतरवताना (खाली जॅक, दोन लांब आट्यांच्या सळ्या, तोंडात रामरक्षा) बायकोने गॅरेजचं दार बाहेरून लावून घेतलं होतं, एवढं सोडलं तर काम नीट झालं.

आता रडगाणं. गाडी उभी असताना पेडल दगडासारखं कडक. सरळ रस्त्यावरही ठीक. पण राउंडअबाउट घेऊन बाहेर पडलो आणि ब्रेक मारला की पहिल्यांदा पेडल अर्ध्याच्या खाली जातं, दुसऱ्यांदा मारलं की जागेवर. पाच वेळा हवा काढली. ब्रेक ऑइल कुठेही गळत नाही. गाडीला ब्रेकचं सर्किट एकच आहे, म्हणून धास्ती जास्त. त्यात ४० वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटी (गाडीची वार्षिक सुरक्षा तपासणी) सक्तीची नाही, त्यामुळे माझं काम दुसऱ्या कोणाच्या नजरेखालून गेलेलंच नाही.

मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा) बदलू का?

तिरका पाना:
मास्टरला आत्ता हात लावू नका. आधी कॅलिपर बघा. हवा काढायचा निपल वरच्या बाजूला आहे ना? डावा-उजवा अदलाबदल झाला तरी कॅलिपर बसतो, पण निपल खाली जातो आणि वरची हवा जन्मात निघत नाही. मी स्वतः हा पराक्रम केलेला आहे.

शिवाय मागचे ड्रम. या गाडीत ते आपोआप ॲडजस्ट होत नाहीत. मागच्या प्लेटवर चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर असतो, चाक अडेपर्यंत आवळा आणि मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या.

धागाकर्ता:
निपल वरच आहेत, दोन्हीकडे. ड्रम काल ॲडजस्ट केले. पेडल थोडं वर आलं, पण राउंडअबाउटनंतरचा प्रकार तसाच. पुढचे होज क्लँपने दाबून दोष पुढे की मागे हे बघणार होतो, तेवढ्यात आठवलं की जाळीचे होज असे दाबायचे नसतात.

बापूकाका:
अरे पोरा, बेअरिंग ढिलं आहे. आम्ही आयुष्यभर अँबॅसिडर खोलल्या, इंजिन तुझ्या गाडीच्याच खानदानातलं. चाक फिरवत नट आवळायचा, जड लागलं की एक पैलू मागे घ्यायचा, स्प्लिट पिन घालायची. पाच मिनिटांचं काम. उगाच पार्ट बदलत बसू नकोस.

लिव्हर आर्म:
काका, रोग बरोबर ओळखलात, पण औषध या गाडीला चालणार नाही. धागाकर्ते, नटाला हात लावण्याआधी दोन गोष्टी सांगा.

एक, पुढचं चाक उचलून वरून-खालून धरा आणि हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंग पिन किंवा खालचा पिव्होट.

दोन, हब बसवताना दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि पातळ शिम (धातूच्या चकत्या) यांचं काय केलंत?

धागाकर्ता:
प्ले आहे. बारीक 'टक' येतो. ब्रेक दाबला की जातो.

स्पेसर घातला आहे. शिमही घातले, आणि अगदी इमानदारीने: डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे, वेगवेगळ्या डब्यांत नावं लिहून ठेवली होती. एकही कमी नाही.

लिव्हर आर्म:
तिथेच गफलत झाली. ते शिम जुन्या हबचे आणि जुन्या बेअरिंगचे होते. तुम्ही हब, बेअरिंग, स्टब ॲक्सल तिन्ही बदललेत, मग जुन्या मापाचा काय उपयोग?

काकांची पद्धत बहुतेक गाड्यांना लागू आहे, इथे नाही. एमजीबीत नट आवळला की दाब बाहेरच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगवरून शिमवर, तिथून स्पेसरवर, मग आतल्या बेअरिंगवरून ॲक्सलच्या खांद्यावर जातो. हे सगळं घट्ट दाबलं जाऊन ॲक्सलला ताठपणा देतं. म्हणजे बेअरिंगचा प्ले नट ठरवत नाही, शिमची जाडी ठरवते. नट ढिला ठेवलात तर प्ले सुधारणार नाही आणि ताठपणा मात्र जाईल. काही लोक स्पेसर फेकूनच देतात. तो सल्ला कोणी दिला तर त्याच्या गाडीत बसू नका.

मॅन्युअलचं माप: हबचा आत-बाहेर प्ले ०.००२ ते ०.००४ इंच. नटाचा टॉर्क (आवळण्याचा जोर) ४० ते ७० पाउंड-फूट. इतकी मोकळीक स्प्लिट पिनचं भोक जुळावं म्हणून.

पेडल का जातं: वळणात चाकावर बाजूने जोर येतो, ढिल्या बेअरिंगवर हब तिरका होतो, त्याच्यासोबत डिस्कही. डिस्क पॅडना ढकलते आणि पिस्टन आत जातात. पुढच्या ब्रेकला पेडलचा पहिला हिस्सा ते पिस्टन परत आणण्यातच खर्च होतो. हवा असती तर पेडल सरळ रस्त्यावरही स्पंजासारखं लागलं असतं.

कसं करायचं: कॅलिपर सोडवून तारेने टांगा, होजवर लटकू देऊ नका. हब धुऊन ग्रीस काढा, नाहीतर माप खोटं येतं. मुद्दाम जास्त शिम घालून नट टॉर्कने आवळा, डायल गेजने (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) हब आत-बाहेर ओढून प्ले मोजा. समजा १३ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आला आणि ३ हवा आहे, तर १० थाउचा शिम काढा. शिम ३, ५ आणि १० थाउचे मिळतात. मग ग्रीस भरा, पण टोपीत भरू नका. स्प्लिट पिन नवी.

आणि वापरलेले हब म्हणालात म्हणून: आटे तपासलेत का? गाडीच्या डाव्या बाजूच्या हबला उजवा आटा, उजव्या बाजूला डावा. उलटे बसले तर स्पिनर (चाक धरून ठेवणारा मधला मोठा नट) चालताना आपोआप सुटतो.

बापूकाका:
बरं. हे नवीन कळलं. स्पेसरवाला हब कधी खोलला नव्हता. पोरा, याचं ऐक.

तिरका पाना:
व्ही-८ बुशच्या नटांचं विसरू नका. ते बुश धातूला चिकटलेले असतात. गाडी जॅकवर असताना, आर्म लोंबकळत असताना आवळले असतील तर चाकांवर वजन आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नट ढिले करा, गाडी जमिनीवर ठेवा, चार पावलं पुढे-मागे ढकला, मग आवळा.

धागाकर्ता:
अर्थातच जॅकवर आवळले होते.

शनिवारी डायल गेज उसना आणला. डावीकडे ११ थाउ, उजवीकडे ९. मला 'बारीक टक' वाटत होता तो हा! हबचे आटे मात्र बरोबर निघाले, देवाची कृपा, माझी नव्हे. डावीकडे १० चा काढून ३ चा घातला, आता ४ थाउ आहे. स्पिनर ठोकून त्याच राउंडअबाउटला तीन फेऱ्या मारल्या. उजवीकडचं अजून ९ वरच होतं, तरी पेडल पहिल्याच दाबाला बरंच वर आलं.

उजवीकडे अडलं आहे. हातात १० चे आणि ३ चे शिम आहेत, ५ चा एकही नाही. तिथे आत्ता १० चा एक आणि ३ चा एक असे दोन आहेत. १० चा काढून त्या जागी ३ चा घातला तर प्ले २ थाउ येईल, ३ चा काढला तर ६. ५ चा येईपर्यंत थांबू, की २ वर चालवू?

लिव्हर आर्म:
२ मापात बसतो, फक्त कडेवर आहे. नट टॉर्कने आवळून पुन्हा मोजा. खरंच २ किंवा त्याहून जास्त आला आणि चाक हाताने अडखळल्याशिवाय फिरलं तर चालवा. ५० मैलांनी हबला हात लावून बघा, एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली तर ५ चा मागवा.